यंत्र वाढलं, नजरेचं काय?

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियानं जाहीर केलेल्या नव्या ग्राफिक्स कार्डांत एक सोय आहे. खेळाच्या दोन फ्रेमा कार्ड खरोखर रेखाटतं आणि त्यांच्या मधल्या तीनपर्यंत फ्रेमा न्यूरल नेटवर्क अंदाजानं तयार करतं. ज्या रेखाटल्या जातात, त्याही बऱ्याचदा लहान आकारात रेखाटून मग मोठ्या केलेल्या असतात. म्हणजे पडद्यावरचे बहुतेक पिक्सेल अंदाजाचे, आणि खेळणाऱ्याला ते सहसा कळतही नाही.

तंत्र म्हणून हे थक्क करणारं आहे. पण व्हिडिओ गेमच्या चित्राकडे कला म्हणून पाहिलं, तर माझं मत वेगळं आहे. गेल्या दहाएक वर्षांत यंत्र जितकं पुढे गेलं, तितकी नजर पुढे गेलेली नाही. जिथे ती गेली, तिथे महागड्या कार्डाचा संबंध फार थोडा आहे. हे पटवायचं तर थोडं मागे जावं लागेल.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासच्या काळ्या डॉस स्क्रीनवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. त्या राजपुत्राचं धावणं अजून डोळ्यांसमोर येतं. तो धावता धावता थांबला की दोन पावलं घसरायचा, कड्याला लोंबकळताना त्याच्या अंगाला वजन असायचं. हे वजन आलं कुठून? जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणानं १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, एका पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला, वर चढायला लावलं आणि त्याचं व्हिडिओ चित्रण केलं. मग टीव्हीवर एकेक फ्रेम थांबवून तिचे फोटो काढले, त्यांवर काळा मार्कर आणि पांढरी करेक्शन शाई फिरवून आकृती पार्श्वभूमीपासून सोडवली, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. तलवारबाजीसाठी त्यानं १९३८ च्या रॉबिन हूडवरच्या सिनेमातलं द्वंद्व वापरलं, कारण त्यात दोन्ही लढवय्ये काही सेकंद बरोबर बाजूनं दिसतात.

खरी गंमत पुढे आहे. राजपुत्राच्या या हालचालींनीच ॲपल टू या कॉम्प्युटरची मेमरी भरून गेली आणि शत्रूची आकृती ठेवायला जागाच उरेना. मेकनरनं मग राजपुत्राच्याच आकृतीचे बिट उलटसुलट करून, ती जराशी सरकवून स्वतःवरच ठेवली. त्यातून एक काळसर, थरथरती सावली तयार झाली. खेळात राजपुत्र आरशातून आरपार उडी मारतो आणि त्याची ही छाया वेगळी होऊन त्याच्यावरच उलटते. मशीनमध्ये जागा नव्हती म्हणून नायकाचाच शत्रू झाला, आणि त्या खेळातली सगळ्यांत खोल कल्पना यातूनच निघाली. १९८९ मध्ये खेळ ॲपल टूवर आला तेव्हा ते मशीनच अखेरच्या घटका मोजत होतं, त्यामुळे सुरुवातीला खप बेताचाच झाला. नाव झालं ते पुढे इतर कॉम्प्युटरांवर आल्यावर.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये एरिक शाई जवळपास एकट्यानं ‘अनदर वर्ल्ड’ करत होता. तेव्हा कार्टूनसारखे दिसणारे खेळ ढीगभर फ्लॉपी डिस्कांवर यायचे. शाईनं ठरवलं की चित्रं साठवायचीच नाहीत, सपाट रंगांच्या बहुभुजांतून ती त्या त्या क्षणी काढायची. सोळा रंग आणि चेहऱ्यावर नाकडोळे जवळजवळ नाहीतच. तरीही १९९१ चा तो खेळ आजही सिनेमासारखा दिसतो.

आणि मग जॉन कारमॅक. या क्षेत्रात ‘प्रसिद्ध डेव्हलपर’ म्हटलं की आधी हेच नाव येतं, आणि ते योग्यच आहे. १९९० मध्ये त्यानं साध्या पीसीवर पडदा गुळगुळीत सरकवून दाखवला, १९९१ मध्ये सहकाऱ्यांबरोबर इड सॉफ्टवेअर काढली, १९९२ मध्ये ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ आणि १० डिसेंबर १९९३ ला ‘डूम’. डूममधली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. समोर दिसणाऱ्या भिंतींपैकी कोणती पुढे, कोणती मागे, हे दर फ्रेमला ठरवणं तेव्हाच्या प्रोसेसरला झेपणारं नव्हतं. कारमॅकनं शैक्षणिक संशोधनातली एक पद्धत उचलली. नकाशा आधीच रेषांनी दुभागत जायचा, अगदी लहान तुकडे होईपर्यंत. मग खेळताना प्रत्येक रेषेपाशी एकच प्रश्न उरतो, खेळाडू या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे? तेवढ्या उत्तरावर भिंतींचा क्रम आपोआप लागतो. पद्धत कारमॅकची नव्हती. ती इथे उपयोगी पडेल हे ओळखणारी नजर त्याची होती.

पण डूम जे दिसतो ते एकट्या कारमॅकमुळे नव्हे. आडनाव तेच, पण नात्यानं कोणी नसलेला चित्रकार एड्रियन कारमॅक याच्या मातीच्या राक्षसांचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले गेले. खेळाडूच्या हातातल्या काही बंदुका चक्क दुकानातून आणलेली खेळणी होती. खोल्यांमधला उजेड कुठे मंद, कुठे लुकलुकता ठेवायचा, हे जॉन रोमेरोसारखे डिझायनर ठरवत होते. अंधाराला धार आली ती या सगळ्यांमुळे.

श्रेयाचा हा प्रश्न पुढे आणखी ठळक होतो. इडच्याच १९९९ च्या ‘क्वेक थ्री’मध्ये व्यस्त वर्गमूळ झटकन काढणारी एक जादुई वाटावी अशी क्लृप्ती होती. प्रकाश पृष्ठभागावर किती कोनात पडतो, हे काढायला हे गणित लागतं. २००५ मध्ये त्या खेळाचा सोर्स कोड खुला झाला आणि ती क्लृप्ती कारमॅकच्याच नावावर जगभर फिरली. ती त्यानं लिहिलेली नव्हती. तिचा माग ऐंशीच्या दशकातल्या आर्डंट कॉम्प्युटर या कंपनीतल्या ग्रेग वॉल्श यांच्यापर्यंत जातो. स्वतः कारमॅकनंही तिचं श्रेय घेतलं नाही. तरीही आपल्याला एकच नायक हवा असतो. या कलेच्या इतिहासलेखनातला हा सगळ्यांत मोठा दोष आहे, आणि त्यामुळे चित्रकार, ॲनिमेटर आणि प्रकाशयोजना करणारे कायम अंधारात राहतात.

कारमॅकच्या पुढच्या कारकिर्दीबद्दल थोडक्यात. २०११ च्या ‘रेज’मध्ये त्यानं अख्ख्या जगाचा प्रत्येक कोपरा एका प्रचंड चित्रातून वेगळा रंगवण्याची सोय केली. कल्पना भव्य होती, पण प्रत्यक्षात मान वळवली की भिंती क्षणभर धूसर दिसायच्या आणि जवळ गेलं की रंग फिसकटायचे. २०२० च्या ‘डूम इटर्नल’पर्यंत इडनंच ते तंत्र सोडून दिलं. कारमॅक २०१३ मध्ये आभासी वास्तवाच्या क्षेत्रात गेला, २०२२ च्या अखेरीस मेटा सोडून पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळला. एकटा प्रोग्रामर खेळाचं रूप ठरवेल, असे दिवस त्याच्याच हयातीत सरले.

ते संपवले एपिक गेम्सच्या टिम स्वीनी यांनी. १९९८ मध्ये ‘अनरियल’ आला तेव्हा खेळापेक्षा त्याचं इंजिन, म्हणजे ज्यावर खेळ उभा राहतो ते सॉफ्टवेअर, जास्त महत्त्वाचं ठरणार होतं. आज अनरियल इंजिन कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. खेळानं दहा लाख डॉलरच्या वर कमाई केली, तर वरच्या रकमेवर साधारण पाच टक्के द्यायचे. २०२२ च्या पाचव्या आवृत्तीत कोट्यवधी त्रिकोणांची मूर्ती जशीच्या तशी पडद्यावर आणण्याची आणि प्रकाशाचं परावर्तन त्याच क्षणी मोजण्याची सोय आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं स्वतःचं इंजिन सोडून हेच घेतलं, ‘हेलो’ करणाऱ्यांनीही घेतलं.

याचे फायदे मी नाकारत नाही, त्यातल्या एका फायद्याकडे पुढे येईनच. पण किंमत डोळ्यांना दिसते. खऱ्या खडकांचे आणि झाडांच्या सालीचे स्कॅन एकाच भांडारातून येतात. ओला दगड, शेवाळ, मधून झिरपणारी उन्हाची तिरीप, किंचित धुकं हे सगळं इतक्या खेळांत इतक्या सारखेपणानं दिसतं की एखादं स्थिरचित्र दाखवून खेळ ओळखायला सांगितला, तर पंचाईत होईल. डेटाबेसातला खडक सुंदर असतो. तो तिथे का आहे, हे मात्र कुणीतरी ठरवावं लागतं.

जपानकडे पाहिलं की हे जास्त स्पष्ट होतं. फुमितो उएदा यांनी ‘अनदर वर्ल्ड’चं ऋण मान्य केलेलं आहे. त्यांच्या २००१ च्या ‘इको’त शिंगं असलेला मुलगा एका मुलीचा हात धरून किल्ल्यातून वाट काढतो. एक बटण दाबून ठेवायचं, म्हणजे हात धरलेला राहतो. मुलगा धावला की तिचा हात ताणला जातो, ती अडखळते, मग सावरते. या हालचाली माणसाच्या अंगाला सेन्सर लावून टिपलेल्या नाहीत, ॲनिमेटरांनी हातानं बसवलेल्या आहेत. निन्टेन्डोनं २००१ मध्ये ‘झेल्डा’चं कार्टूनसारखं नवं रूप दाखवलं, तेव्हा पोरकट म्हणून चाहते नाराज झाले. तो खेळ, ‘विंड वेकर’, आज ताजा दिसतो. त्या वर्षांतले वास्तवाचा आव आणणारे कितीतरी खेळ आता पाहवत नाहीत.

गेल्या दशकातलं माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण २०१८ चं ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. लुकास पोप आधी नॉटी डॉग या नामांकित स्टुडिओत ‘अनचार्टेड’च्या झगमगत्या खेळांवर काम करत होता. ते सोडून जपानला स्थायिक झाल्यावर त्यानं फक्त दोन रंगांत, जुन्या मॅकिंटॉशच्या पडद्यासारखा हा खेळ केला. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज माणसांविना परत आलं आहे. कोण कसं मेलं, हे शोधायचं. मृत्यूचा क्षण गोठलेला असतो आणि आपण त्यात फिरतो. गोंदण, कपडे, कोण कुणाजवळ उभा आहे, यावरून नावं लावत जायची. पाहणं हाच खेळ. पोपपुढची अडचण फार बारीक होती. राखाडी छटा ठिपक्यांच्या जाळीतून भासवायच्या, पण जाळी पडद्याला चिकटवलेली असली तर मान वळवताच ठिपके चित्रावरून वाहू लागतात आणि डोळे दुखतात. त्यानं ती जाळी खेळाडूभोवतीच्या एका अदृश्य गोलावर बसवली, म्हणजे मान वळली की ठिपकेही चित्राबरोबरच सरकतात. दोन रंग नीट दिसावेत म्हणून घेतलेले हे कष्ट मला कोट्यवधी त्रिकोणांपेक्षा मोठे वाटतात.

आता आपल्याकडे. २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला. अनरियल इंजिन परवडणाऱ्या दरात मिळालं नसतं, तर तो होणं कठीण होतं, वर म्हटलेला फायदा तो हाच. पहाडी शैलीचे रंग, राजस्थानी वास्तू, कथाभागासाठी छायाबाहुल्यांचा खेळ. भाड्याच्या इंजिनावर स्वतःची नजर कशी राखायची, याचा तो पुरावा आहे. लढाईत तो काही ठिकाणी कच्चा आहे, पण त्याचं कोणतंही स्थिरचित्र दाखवा, लगेच ओळखू येतं. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळालं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंनी केलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम’चा नवा अवतार जाहीर झाला. चेहरे आणि उजेड यांवर जगभरातून टीका झाली, खेळ लांबत गेला आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. टीकेत तथ्य होतं. पण त्यावरून ‘भारतीयांना ग्राफिक्स जमत नाही’ असा जो सूर निघाला, तो साफ चुकीचा होता. त्याच पुण्यात त्याच वर्षी राजी झाला होता. फरक होता तो काय दिसावं हे कोण ठरवतं, यात. पुण्यामुंबईतले शेकडो कलाकार परदेशी खेळांसाठी वर्षानुवर्षं झाडं, दगड, चिलखतं घडवत आहेत. हात तयार आहेत, पण आपल्या खेळाचं रूप ठरवण्याची संधी त्यांच्यापैकी फार थोड्यांना मिळते.

आपल्याकडे सिनेमाच्या परीक्षणात छायालेखकाचं नाव घेण्याची पद्धत आहे. खेळांबद्दल लिहिणाऱ्या आणि बोलणाऱ्या मराठी माणसांनीही ती लावून घ्यावी. खेळ संपल्यावर श्रेयनामावली वगळून बाहेर पडू नका. कला दिग्दर्शक कोण, प्रकाशयोजना कुणाची, ॲनिमेशन कुणी बसवलं, ते वाचा आणि ती नावं आपल्या लिहिण्याबोलण्यात येऊ द्या.