‘माय’, ‘आवर’ आन् आमचं



रातपाळीत मशीन थांबलं की खिशातली तर्खडकरांची पाठमाला काढायची, अशी माझी इंग्रजी. मास्तर कुणी नाही. ‘माय’ म्हणजे माझा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. आमच्या फुलंब्रीत माय म्हणजे आई. पोरगं पडलं की तेच ओरडतं.

मराठी ‘माझा, माझी, माझं’ म्हणताना वस्तूचं लिंग बघते. इंग्रजी ‘माय’ला वस्तूशी देणंघेणं नाही, ‘हिज’ आन् ‘हर’ मालकाचंच लिंग सांगतात. बाबासाहेबांचं ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ 1957 साली निघालं. त्यातल्या ‘हिज’ला आदराचं वेगळं रूप नाही. मराठी करताना मात्र त्याचा की त्यांचा, हे ठरवावंच लागतं. ‘त्यांचा’ ठरलं, बरोबरच ठरलं.

पण माझं भांडण ‘आवर’शी हाय. मराठीत ‘आपलं’ म्हणलं की ऐकणारा आत. ‘आमचं’ म्हणलं की तो बाहेर. बैठकीत ‘आपलं गाव’ म्हणणारा माणूस पाण्याचं निघालं की ‘तुमची वस्ती’ म्हणतो, हे व्याकरण आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत दोन्हीला एकच ‘आवर’.

आता बेबीताई कांबळ्यांचं पुस्तक घ्या. ‘जिणं आमचं’, 1986. ‘आपलं’ नाही, ‘आमचं’. सवर्ण वाचकाला दारातच थांबवलंय, असं मी आधी समजायचो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं, मीपण दारातच उभा हाय. शिकून वर गेलेल्या आपल्या माणसांवर बाई चिडते ना, तिथं कळलं. ते जिणं त्यांनी भोगलं. आपुन नुसतं भाषणात वापरतो. ‘आमचं’ म्हणजे तुमचं नव्हे, पोरांनो!

माया पंडितांनी 2008 साली त्याचं इंग्रजी केलं, ‘द प्रिझन्स वी ब्रोक’. नाव जोरदार हाय. बायांनी तुरुंग फोडला हे त्यात येतं, मराठी नावात ते नाही. पण ‘आमचं’ गेलं आन् ‘वी’ आलं. त्या ‘वी’मध्ये वाचणारा कुणीबी येऊन बसू शकतो. आन् ‘ब्रोक’ म्हणजे फोडून झालं. जिणं काय एवढ्या लवकर होऊन जातं?

बरं, उलटंही झालंय. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ (2003) या नावात कुणाचाच मालकीहक्क नाही. आयदान म्हणजे बांबूचं विणकाम, आई विणायची ते. इंग्रजीत, त्याच पंडितांच्या हातून, त्याच 2008 मध्ये ‘द वीव्ह ऑफ माय लाइफ’. एका पुस्तकातलं ‘आमचं’ उडालं, दुसऱ्यात नसलेलं ‘माय’ आलं. इंग्रजी वाचकाला आत्मकथा म्हणलं की एकटा ‘मी’ लागतो, असं मला वाटतं. आपल्या बाया बोलतात ते सगळ्या वाड्याला घेऊन. (तरी त्या ‘माय’मध्ये मला आईच दिसते. हे बाईंना न ठाऊक जमून गेलं असंल.)

शांताबाई कांबळ्यांनी तर ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिलं, तेही 1986 मध्येच. ‘माझ्या’ नाही, ‘माज्या’. बोलणारी कुठली, ते त्या एका ज्यात समजतं. इंग्रजी ‘माय’मधी हे कुठं घालणार? भाषांतर करणाऱ्याला दोष नाही, भाषेत जागाच नाही.

मी एक करून बघितलं. नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’, 1993. शब्दाला शब्द ठेवला तर ‘आवर फादर’ होतं, म्हणजे चर्चमधली प्रार्थना! बाप एकदम आभाळात. 2003 साली ते इंग्रजीत आलं, ‘आउटकास्ट’ नावानं. बापही नाही, आमचाही नाही, फक्त जातीबाहेरचा. चार रात्री बसलो, मला दुसरं सुचलं नाही. कुणाला जमलं तर पुढच्या अंकाला पाठवा.