यादी फक्त परवानगी मागणाऱ्यांची

अमेरिकेत जर्मन वंशाची कोट्यवधी माणसं आहेत आणि त्यातल्या पुष्कळांना आपल्या खापरपणजोबांचं गाव माहीत नसतं. कागद नसतात असं नाही. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन नागरिकत्वाचे कागद उघडा, तिथे ‘व्युर्टेमबर्ग’ किंवा नुसतं ‘जर्मनी’ एवढंच लिहिलेलं असतं. १९०६ सालच्या कायद्याने अर्जाचे नमुने एकसारखे केले, त्याआधी प्रत्येक न्यायालय आपापल्या पद्धतीने लिहीत होतं. ‘मूळचे कोकणातले’ एवढ्यावरून एखाद्याचं घर शोधायला निघावं, तशी ही गत. आणि गाव कळल्याशिवाय जर्मनीत पुढे सरकता येत नाही, कारण १८७६ पूर्वी तिथल्या बहुतेक भागांत जन्म-लग्न-मृत्यूची नोंद चर्चच्या वहीत व्हायची आणि ती वही गावागावाची वेगळी.

या अडचणीवर सगळ्यात जास्त सुचवला जाणारा उपाय म्हणजे देश सोडण्याच्या परवानगीचे अर्ज. आज मी ज्याची समीक्षा करणार आहे तो ग्रंथ याच अर्जांवर उभा आहे: ट्रुडी शेंक आणि रूथ फ्रोल्के यांनी तयार केलेली ‘व्युर्टेमबर्ग एमिग्रेशन इंडेक्स’ ही आठ खंडांची सूची. पहिला खंड १९८६ साली आला. सुमारे ६०,००० नावं. तुमचा विषय इतिहास नसला तरी वाचा. तयार डेटा हातात आल्यावर त्याला कोणते प्रश्न विचारायचे, हे शिकायला इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आधी हे अर्ज का जन्माला आले ते बघू. अठराव्या शतकात दक्षिण जर्मनीत बरीच माणसं कायद्याने जमीनदाराशी किंवा राजाशी बांधलेली होती. गाव सोडायचं तर त्या बंधनातून मुक्तता विकत घ्यावी लागे आणि सोबत नेण्याच्या मालमत्तेवर करही भरावा लागे, पुष्कळदा दहावा हिस्सा. पैसा आला की हिशेब आला, आणि हिशेब आला की नोंद आली. व्युर्टेमबर्गच्या १८१९ च्या राज्यघटनेने हा कर काढला आणि देश सोडण्याचा हक्क मान्य केला, पण अटी ठेवल्या. अधिकाऱ्यांना कळवायचं, कर्ज आणि इतर देणी फेडायची, वर्षभर राजाविरुद्ध शस्त्र उचलणार नाही अशी हमी द्यायची. जुनं देणं निघालं तर त्यासाठी जामीनही लागे. घेणेकऱ्यांना कळावं म्हणून जाणाऱ्यांची नावं सरकारी वर्तमानपत्रांत छापली जात.

म्हणजे या कागदांचा हेतू काय, तर कोणी देणं बुडवून किंवा सैन्यभरती चुकवून पळू नये. तुमच्या वंशावळीची सोय हा हेतू कधीच नव्हता. हे लक्षात ठेवलं की सूचीतले सगळे गुणदोष आपोआप दिसायला लागतात.

गुण आधी सांगते, कारण ते खरे आहेत. प्रत्येक ओळीत नाव, जन्मतारीख, गाव, ओबरआम्ट, अर्जाची तारीख, कुठे जाणार ते ठिकाण आणि मूळ कागद ज्या मायक्रोफिल्मवर आहे तिचा क्रमांक. ओबरआम्ट म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका. हा रकाना ठेवला याबद्दल संपादकांचे आभारच मानायला हवेत. एकट्या व्युर्टेमबर्गात नॉयहाउझेन नावाची किमान तीन गावं होती: एक फिल्डर्न पठारावरचं, एक एर्म्स नदीकाठचं, एक टुटलिंगेनजवळचं. नुसतं ‘नॉयहाउझेन’ मिळालं असतं तर तीन वेगळ्या चर्चच्या वह्या चाळाव्या लागल्या असत्या. जन्मतारीख असणंही मोठीच गोष्ट. योहान गेओर्ग म्युलर नावाची माणसं किती असतील याचा नुसता विचार करा. नाव आणि तारीख दोन्ही जुळली तर मात्र शक्यता खरंच वाढते.

आता खटकणाऱ्या गोष्टी.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, सूचीत कोण नाही. सैन्यभरतीच्या वयाच्या तरुणाला परवानगी मिळणं अवघड होतं, म्हणून तो गुपचूप जायचा. कर्जबाजारी माणूस गुपचूप जायचा. वडिलांशी भांडून निघालेला मुलगा कशाला अर्ज करतोय? याउलट घर-शेत विकून बायकामुलांसह निघालेल्या कुटुंबाला कागद लागायचाच, कारण विक्री सगळ्या गावासमोर व्हायची. म्हणून सूचीत कुटुंबं भरपूर आणि एकटे तरुण कमी. संख्याशास्त्रात आपण म्हणतो की गाळलेली माहिती यादृच्छिक नाही. ती ज्या कारणाने गाळली गेली तेच कारण आपल्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. तरीही ‘व्युर्टेमबर्गमधलं स्थलांतर प्रामुख्याने कौटुंबिक होतं’ असा निष्कर्ष अशा याद्यांमधल्या टक्केवारीवरून काढण्याचा मोह होतो. तो निष्कर्ष कदाचित खराही असेल, पण या यादीवरून तो सिद्ध होत नाही.

यातलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण व्युर्टेमबर्गबाहेरचं आहे, बव्हेरियाच्या ताब्यातल्या फाल्त्स भागातलं. डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिष ट्रम्प १८८५ साली सोळाव्या वर्षी कालश्टाट गाव सोडून न्यूयॉर्कला गेले, सरकारला न कळवता. परवानगीच्या यादीत ते मिळायचे नाहीत. पुढे पैसे कमावून परत आले आणि तिथेच राहू द्या म्हणाले, तेव्हा सैन्यसेवा चुकवून बेकायदा गेल्याचा मुद्दा निघाला आणि १९०५ मध्ये देश सोडण्याचा हुकूम झाला. म्हणजे गैरहजेरीचीही फाइल तयार होते, फक्त ती वेगळ्या कपाटात असते. भरतीला न आलेल्यांच्या याद्या, गैरहजर वारसाच्या हिश्श्याचे कागद, वर्तमानपत्रातली बोलावणी. सूचीची प्रस्तावना वाचकाला या कपाटांकडे जोरात ढकलत नाही, ही माझी मोठी तक्रार.

दुसरी तक्रार ‘गाव’ या रकान्याबद्दल. सरकारला माणूस कुठे जन्मला यापेक्षा तो कोणत्या गावाचा नागरिक आहे यात रस होता, कारण गरिबी आली तर पोसायची जबाबदारी त्या गावावर होती. या दोन गोष्टी बहुतेकदा एकच असतात, पण नेहमी नाही. गवंडी, गिरणीवाले, शिक्षक, धनगर ही फिरती माणसं. त्यांचं नागरिकत्व एका गावाचं आणि जन्म भलतीकडचा असू शकतो. आपल्याकडे आडनाव सातारकर असलं म्हणून जन्म साताऱ्यात झाला असं कोणी धरत नाही, तसंच.

तिसरी, ‘अर्जाची तारीख’. ती निघण्याची तारीख नाही. काहींनी अर्ज केला आणि गेलेच नाहीत. काही आधीच अमेरिकेत पोचले होते आणि वारशाचा हिस्सा मिळवायला रीतसर मुक्तता हवी म्हणून नंतर अर्ज केला. जहाजाच्या यादीत त्याच वर्षी नाव सापडलं नाही म्हणून माणूस बाद करू नका.

आणि ६०,००० हा आकडा! हे सगळे अमेरिकेला गेले असं समजून लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलंय. ठिकाणाचा रकाना बघा: रशिया, हंगेरी, प्रशिया, स्वित्झर्लंड, आणि चक्क शेजारचं बाडेन. सीमेपलीकडच्या गावात लग्न करून गेलेली मुलगीही या कागदांत ‘देशत्यागी’ ठरते.

याच्या उलट टोकाचाही प्रकार आहे. १८४६ साली हेसनमधल्या ग्रोस-त्सिमर्न गावाने सहाशेहून अधिक गरीब गावकऱ्यांना सरकारी-सार्वजनिक खर्चाने न्यूयॉर्कला पाठवून दिलं. तिथे यादी चोख असणारच, कारण पैसे गावाचे. तेव्हा कुठे नोंद दाट आणि कुठे विरळ हे बघून ‘इथून जास्त लोक गेले’ म्हणण्याआधी, नोंद करण्यात कोणाचा फायदा होता हे विचारा.

तुलनेसाठी ॲनेट बर्गर्ट यांचं काम बघा. १९८३ आणि १९८५ मध्ये आलेल्या त्यांच्या दोन खंडांत अठराव्या शतकातले उत्तर क्राइशगाउ आणि पश्चिम फाल्त्समधले लोक आहेत. त्या फिलाडेल्फियाच्या जहाजयाद्या, पेनसिल्व्हेनियातल्या चर्चच्या नोंदी आणि जर्मन गावांतल्या वह्या अशी दोन्ही टोकं जोडतात. नावं कितीतरी कमी, पण प्रत्येक नाव दोन्हीकडून तपासलेलं. शेंक-फ्रोल्के यांचं काम रुंद आहे, बर्गर्ट यांचं खोल. प्रबंधात उद्धृत करायचं असेल तर मी बर्गर्ट यांच्या नोंदीवर विसंबेन. शोध सुरू करायला मात्र शेंक-फ्रोल्केच उघडेन. सूचीला पुरावा समजलं की गडबड होते, आणि ती गडबड वंशावळींमध्ये पसरते फार वेगाने. एकाने चुकीचं गाव जोडलं की पुढचे पन्नास जण तेच उतरवतात आणि मग पन्नास ‘स्रोत’ तयार!

तर प्रत्यक्षात कसं वापरायचं? सूचीतल्या ओळीवर थांबू नका, फिल्मचा क्रमांक घेऊन मूळ अर्ज बघा. तिथे सोबतच्या माणसांची नावं, जामीनदार, कधीकधी मालमत्ता असते. जामीनदार बहुधा भाऊ किंवा मेव्हणा, त्याच्यावरून कुटुंब ओळखता येतं. अर्ज जुन्या जर्मन हस्ताक्षरात आहेत, त्यात ई आणि एन ही अक्षरं जवळपास सारखी दिसतात, शिवाय श्वाबियन बोलीत ब-प आणि ड-ट यांची अदलाबदल होते. म्हणून नाव दोन-तीन प्रकारे शोधा. मग गावच्या चर्चचं कुटुंब-रजिस्टर. व्युर्टेमबर्गात ते १८०८ पासून ठेवलं जाऊ लागलं, आईवडील आणि सगळी मुलं एका पानावर. माणूस खरोखर तोच असेल तर त्याच्या नावापुढे पुष्कळदा पाद्रीने एक छोटी ओळ लिहिलेली असते: अमेरिकेला गेला, अमुक साली. आणि त्या जागी लग्नाची किंवा मृत्यूची नोंद निघाली, तर समजा तो योहान गेओर्ग दुसराच होता.