कोण जिंकेल, आणि कुणाला जिंकावंच लागेल

फेब्रुवारी संपत आला की अमेरिकी महिला कॉलेज बास्केटबॉलवर लिहिणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला लेख येतो. ‘कॉन्फरन्स स्पर्धांमध्ये कुणाची किती शक्यता?’ प्रत्येक कॉन्फरन्सला एक परिच्छेद: फेव्हरिट कोण, धक्का कोण देऊ शकतं, कुठल्या खेळाडूवर नजर ठेवा, आणि शेवटी ठळक अक्षरांत अंदाज. मी हे लेख व्यसनासारखे वाचतो. पण गेल्या दोन-तीन सीझनपासून ते वाचताना माझी चिडचिड होते. अंदाज चुकतात म्हणून नाही, ते तर चुकणारच. हे लेख सगळ्या कॉन्फरन्सना एकच प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न निम्म्याहून जास्त कॉन्फरन्सना लागूच पडत नाही, म्हणून.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथे कॉन्फरन्स म्हणजे परिषद नव्हे, आठ-दहा-सोळा कॉलेजांचा गट, जो आपापसांत साखळी खेळतो. डिव्हिजन वनमध्ये महिलांचे साडेतीनशेहून जास्त संघ आहेत आणि मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे एनसीएए टूर्नामेंटमध्ये, जागा ६८. २०२५ मध्ये त्यातल्या ३१ जागा ३१ कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट मिळाल्या. उरलेल्या ३७ जागांवर कोण, हे एक समिती ठरवते. या जागांना ‘अ‍ॅट-लार्ज’ म्हणतात. गोम पुढे आहे. ‘कॉन्फरन्सचा विजेता’ म्हणजे दोन महिने साखळी खेळून गुणतक्त्यात पहिला आलेला संघ नाही. साखळी संपल्यावर चार-पाच दिवसांची एक बाद फेरीची स्पर्धा होते, ती जिंकणारा संघ. आयपीएलमध्ये निदान पहिल्या दोघांना क्वालिफायर वन हरल्यावर आणखी एक संधी मिळते. इथे तसं काही नाही. हरलात की बॅगा भरा, पहिले असा की आठवे.

आता दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवू.

२०२२ च्या एसईसी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, नॅशव्हिलमध्ये, सातवं मानांकन असलेल्या केंटकीने साउथ कॅरोलायनाला ६४-६२ असं हरवलं. ४.२ सेकंद बाकी असताना ड्रेउना एडवर्ड्सने थ्री-पॉइंटर टाकला. केंटकीला ही स्पर्धा १९८२ नंतर पहिल्यांदाच जिंकता आली. सामना बघितलात तर अंगावर काटा येईल. पण परिणाम? साउथ कॅरोलायना तरीही पहिल्या मानांकनाने राष्ट्रीय स्पर्धेत गेली आणि तीन-चार आठवड्यांनी युकॉनला ६४-४९ ने हरवून राष्ट्रीय विजेती झाली. केंटकी पहिल्याच फेरीत प्रिन्स्टनकडून हरली. दोन वर्षांनी त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत टेनेसीविरुद्ध १.१ सेकंद उरलेले असताना कामिला कार्डोसोने कॉलेज कारकिर्दीतला पहिला थ्री-पॉइंटर टाकला, बोर्डवर आपटून आत, ७४-७३. साउथ कॅरोलायनाने तो सीझन ३८-० असा संपवला. तो बॉल बाहेर गेला असता तर ‘नाबाद’ हा शब्द गेला असता. जागा गेली नसती.

दुसरं उदाहरण गोन्झागाचं, वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समधलं. २०२४ मध्ये हा संघ साखळीत १६-० होता. अंतिम सामन्यात पोर्टलंडने त्याला एका गुणाने हरवलं. हळहळ झाली, पण देशभरातल्या क्रमवारीत गोन्झागा इतकी वर होती की समितीने तिला चौथं मानांकन दिलं, पहिल्या दोन फेऱ्या घरच्या मैदानावर मिळाल्या आणि संघ स्वीट सिक्स्टीनपर्यंत पोचला. २०२५ मध्ये तोच संघ, तीच कॉन्फरन्स. साखळीत संयुक्त पहिला क्रमांक. उपांत्य फेरीत ओरेगन स्टेटकडून हरली. या वेळी देशपातळीवरचं वजन कमी होतं, त्यामुळे समितीकडून काहीच आलं नाही. राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ता तिथेच संपला. अंतिम फेरीत ओरेगन स्टेटने पोर्टलंडलाही हरवलं, आणि साखळीत गोन्झागाच्या बरोबरीने पहिली असलेली पोर्टलंडही बाहेर. साखळीतले दोन्ही अव्वल संघ घरी, चौथा संघ राष्ट्रीय स्पर्धेत.

आता सांगा, २०२४ चा गोन्झागाचा पराभव आणि २०२५ चा पराभव यांना ‘जेतेपदाची शक्यता हुकली’ या एकाच वाक्यात कसं बसवायचं? पण हे लेख तेच करतात. एसईसीच्या अंदाजाला जो टोन, तोच टोन बिग स्कायच्या अंदाजाला. एका ठिकाणी करंडक आणि जाळी कापून नेण्याचा आनंद पणाला लागलेला असतो. दुसरीकडे अख्खा सीझन. ‘कोण जिंकेल’ हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो, पण ‘कुणाला जिंकावंच लागेल’ हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या उत्तराला काही अर्थ येत नाही.

थोडं गणित करू; नोकरीची सवय आहे. समजा तुमच्या छोट्या कॉन्फरन्सचा अव्वल संघ इतका भारी आहे की कुठल्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याच्या जिंकण्याची शक्यता ८० टक्के आहे. स्पर्धा जिंकायला तीन सामने. ०.८ चा घन, म्हणजे ५१.२ टक्के. दोन महिने सगळ्यांना धुऊन काढलेल्या संघाची शक्यता नाणं उडवण्याइतकी. ९० टक्के धरली तरी ७२.९, चार वर्षांत एकदा घरी बसायचं. त्यामुळे प्रिव्ह्यू लिहिणाऱ्याने ‘अमुक संघ प्रबळ दावेदार’ असं लिहिलं की मी मनातल्या मनात ‘म्हणजे निम्मी’ असं वाचतो.

कॉन्फरन्सवाल्यांनाही हे गणित येतं. म्हणून वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सने शिडीसारखा ड्रॉ ठेवला होता: पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत, खालच्यांनी एकेक पायरी चढत यायचं. तीन सामन्यांचे दोन झाले की ५१ चे ६४ टक्के होतात. २०२५ मध्ये हा ड्रॉ असूनही काय झालं ते वर लिहिलंच आहे. यामागे आता पैसाही आहे. पुरुषांच्या स्पर्धेत संघाने खेळलेल्या सामन्यांनुसार कॉन्फरन्सला ‘युनिट’चे पैसे कित्येक वर्षांपासून मिळतात, महिलांना हे २०२५ मध्ये पहिल्यांदा मिळालं, पहिल्या वर्षी एकूण दीड कोटी डॉलर. छोट्या कॉन्फरन्ससाठी आपला सगळ्यात चांगला संघ पुढे जाणं म्हणजे एखादा जास्तीचा सामना, एखादं जास्तीचं युनिट. तरीही टीव्हीवर बाद फेरी लागते, म्हणून ती ठेवायची. माझ्या मते हा सरळ सरळ विरोधाभास आहे, आणि प्रिव्ह्यूंमध्ये त्यावर चकार शब्द नसतो.

समिती ज्या क्रमवारीकडे बघते तिचं नाव नेट. महिलांसाठी ती २०२०-२१ पासून आली. त्याआधी आरपीआय होती, आणि तिचं सूत्र शाळेतल्या मुलालाही कळेल असं होतं: २५ टक्के तुमचा विजयांचा दर, ५० टक्के तुमच्या प्रतिस्पर्ध्यांचा, २५ टक्के त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचा. तुम्ही किती गुणांनी जिंकलात याचं त्यात काहीच नव्हतं. नेट त्याहून शहाणी आहे. सामना कुठे झाला, समोर कोण होतं आणि प्रत्येक पझेशनमागे किती गुण केले नि दिले, हे ती बघते. इंजिनिअर म्हणून मला ही सुधारणा मनापासून आवडते. पण छोट्या कॉन्फरन्समधल्या संघाला जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याच कमकुवत शेजाऱ्यांशी खेळावं लागतं. त्याचं वजन जे काही वाढायचं ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आणि तेही मोठ्या संघांनी सामना द्यायचं कबूल केलं तर. म्हणजे अल्गोरिदम बरोबर आहे, इनपुट एकतर्फी आहे.

या लेखांच्या भाषेतल्या एका शब्दाचा तर मला रागच आहे: ‘बिड स्टीलर’. जागाचोर. एखाद्या कॉन्फरन्सचा अव्वल संघ अ‍ॅट-लार्जमधून नक्की जाणार असेल आणि स्पर्धा भलत्याच संघाने जिंकली, तर त्या कॉन्फरन्सच्या दोन जागा होतात आणि यादीच्या काठावरच्या कुणाची तरी एक जागा जाते. काठावरचा हा संघ बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या कॉन्फरन्समधला आठवा-नववा असतो. मग ‘चोर’ कोण? ज्याने सलग सामने जिंकून नियमाप्रमाणे जागा मिळवली तो. २०२४ ची पोर्टलंड अशीच ‘चोर’. आणि जो पंधरा-सोळा सामने हरून समितीच्या मेहेरबानीची वाट बघत बसला होता तो ‘लुटला गेलेला’. शब्द कुठल्या खिडकीतून बघून बनवला आहे ते लगेच कळतं. अंदाज लिहिणारे तटस्थ असल्याचा आव आणतात, पण त्यांच्या शब्दकोशाने बाजू आधीच घेतलेली असते.

या दोन टोकांच्या मध्ये एक कॉन्फरन्स आहे, आणि मला ती सगळ्यात वाचनीय वाटते. आयव्ही लीग. हार्वर्ड, प्रिन्स्टन, कोलंबिया वगैरे. आठ कॉलेजं, खेळासाठी स्कॉलरशिप नाही. डिव्हिजन वनमध्ये कॉन्फरन्स स्पर्धा सुरू करणारी ही शेवटची कॉन्फरन्स, २०१७ मध्ये. त्याआधी चौदा सामन्यांच्या साखळीत जो पहिला तोच राष्ट्रीय स्पर्धेत. त्या जुन्या पद्धतीने १९९८ मध्ये गेलेल्या हार्वर्डने सोळाव्या मानांकनावरून पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ ने हरवलं होतं. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू जखमी होत्या, हे खरं. पण सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ही पहिलीच वेळ होती, पुरुषांमध्ये हे व्हायला २०१८ उजाडलं. ‘बास्केटबॉलमधले सर्वांत मोठे धक्के’ छापाच्या याद्यांत पुरुषांचाच सामना वर असतो, हे जाता जाता.

आता फक्त पहिले चार संघ स्पर्धेत येतात. दोन सामने, एक शनिवार-रविवार किंवा शुक्रवार-शनिवार. २०२३ मध्ये कोलंबिया प्रिन्स्टनबरोबर संयुक्त पहिली होती, तिच्या इतिहासातलं पहिलंच साखळी विजेतेपद. उपांत्य फेरीत हार्वर्डने तिला ओव्हरटाइममध्ये हरवलं. निवडीच्या रविवारी (आपल्याकडे सोमवारची पहाट, साडेपाच, त्या दिवशीच्या स्टँडअपमध्ये मी काय बोलतो ते मलाच कळत नाही) कोलंबियाचं नाव आलं नाही. मग तिने दुसऱ्या फळीची डब्ल्यूएनआयटी खेळली आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत गेली, तिथे कॅन्ससकडून हरली. पुढच्या वर्षी आयव्हीची स्पर्धा कोलंबियाच्याच लेव्हियन जिममध्ये होती. अंतिम सामन्यात प्रिन्स्टनकडून हार. या वेळी मात्र समितीने कोलंबियाला घेतलं, मुख्य ड्रॉच्या दारातल्या ‘फर्स्ट फोर’मध्ये, तिथे व्हँडरबिल्टकडून चार गुणांनी पराभव. २०२५ मध्ये हार्वर्डने कोलंबियाला ७४-७१ ने हरवून स्पर्धा जिंकली आणि तरीही कोलंबिया आणि प्रिन्स्टन दोन्ही आत. आयव्हीचे तीन संघ, पहिल्यांदाच. कोलंबियाने या खेपेला फर्स्ट फोरमध्ये वॉशिंग्टनला हरवलंसुद्धा.

तीन वर्षं, आयव्ही स्पर्धेत तीन पराभव, तीन वेगळे अर्थ. एक घात, एक टांगती तलवार, एक जवळजवळ फुकट. प्रिव्ह्यूने वाचकाला हे सांगायला हवं: या वर्षी इथे हरण्याची किंमत किती? ‘कोलंबिया की प्रिन्स्टन’ एवढं ट्विटरवर कुणीही लिहील.

ज्यांच्या वाट्याला घातच येतो अशा संघांची गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. बंगळुरूची आणि भारताकडून खेळलेली संजना रमेश नॉर्दर्न अ‍ॅरिझोनाच्या संघात होती. हा संघ बिग स्कायच्या अंतिम सामन्यात २०२२ मध्ये मोंटाना स्टेटकडून आणि २०२३ मध्ये सॅक्रामेंटो स्टेटकडून हरला. सलग दोन मार्च, दोन्ही वेळा शेवटची एक पायरी. बिग स्कायला समिती दुसरी जागा देत नाही, त्यामुळे नॉर्दर्न अ‍ॅरिझोनासाठी ‘उपविजेता’ आणि ‘पहिल्या फेरीत बाद’ यांत एनसीएएच्या दृष्टीने फरक शून्य. दुसऱ्या बाजूला सॅक्रामेंटो स्टेट त्या विजयाने पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत गेली. एवढं सगळं त्या एका सामन्यात होतं. एसईसीच्या कुठल्या अंतिम सामन्यात एवढं असतं, मला दाखवा.

मग बाद फेरी बंद करा आणि साखळीच्या विजेत्याला जागा द्या? न्यायाचा विचार केला तर हो. आयव्हीसारख्या, सगळे सगळ्यांशी दोनदा खेळतात अशा कॉन्फरन्समध्ये तर नक्कीच; चौदा सामन्यांनी दिलेला निकाल दोन सामन्यांनी फिरवण्याला मला काही तार्किक आधार दिसत नाही. पण तसं केलं तर साखळीत चौथ्या आलेल्या संघाला मार्चमध्ये खेळायला कारणच उरणार नाही, हेही आहे.

२०२५ च्या आयव्ही स्पर्धेतला तो चौथा संघ पेन. बाकी तिघींना हरल्या तरी समितीच्या यादीत येण्याची आशा होती. पेनला मात्र दोन्ही सामने जिंकणं एवढाच रस्ता होता, आणि पहिल्याच सामन्यात समोर अव्वल मानांकित कोलंबिया आली. त्या शुक्रवारी प्रॉव्हिडन्सच्या मैदानावर उतरलेल्या चार संघांपैकी खऱ्या अर्थाने बाद फेरी फक्त पेन खेळत होती.