परोपकारी संगीतसंकलनातील उदासी : ‘डार्क वॉज द नाइट’चा रसदृष्ट्या विचार

प्रस्तावना

दुःखितांच्या साहाय्यासाठी कलावंतांनी एकत्र येऊन ध्वनिमुद्रिका काढावी, ही प्रथा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर रूढ झाली. इथिओपियातील दुष्काळाच्या निमित्ताने १९८४ व १९८५ मध्ये आलेली समूहगीते हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. त्यांत आवाहन थेट आहे. दाता आणि याचक यांच्यातील अंतरही तितकेच स्पष्ट आहे. याहून वेगळा मार्ग फेब्रुवारी २००९ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘डार्क वॉज द नाइट’ या दोन तबकड्यांच्या संकलनाने स्वीकारला. एचआयव्ही-एड्सविषयक कार्यासाठी न्यूयॉर्कच्या ‘रेड हॉट’ या संस्थेने ते सिद्ध केले. ‘द नॅशनल’ या वाद्यवृंदातील आरन व ब्राइस डेसनर हे बंधू त्याचे निर्माते होत. त्यातील ३१ रचना मुख्यतः ‘इंडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे मोठ्या व्यावसायिक कंपन्यांच्या चौकटीबाहेर वाढलेल्या संगीतपरंपरेतील आहेत. काही चपळ लयीची गीते वगळता संकलनाचा एकूण स्वर संथ आणि उदास आहे. ही उदासी कोणत्या प्रकारची आहे आणि परोपकाराच्या हेतूशी तिचे नाते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शीर्षकाची परंपरा

संकलनाचे शीर्षक टेक्सासचे अंध गायक व गिटारवादक ब्लाइंड विली जॉन्सन यांच्या १९२७ मधील ध्वनिमुद्रणावरून घेतले आहे. वधस्तंभावर जाण्यापूर्वीच्या रात्री ख्रिस्ताने भोगलेल्या यातनांवरील जुन्या इंग्रजी स्तोत्राशी त्याचा संबंध आहे. जॉन्सन यांनी मात्र स्तोत्राचे शब्द गाळले. उरला तो गिटारीवर घसरत जाणारा सूर आणि कण्हण्यासारखा हुंकार. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या सुवर्णतबकडीत या ध्वनिमुद्रणाचा समावेश झाला. त्याच तबकडीत सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. गोव्यातील केरी गावच्या केसरबाईंचे निधन त्याच वर्षी, यानांच्या उड्डाणानंतर काही दिवसांनी झाले. मराठी रसिकांच्या दृष्टीने हे सान्निध्य बोलके आहे. दोन्ही ठिकाणी अर्थ पोहोचतो तो शब्दांपेक्षा स्वराच्या ओढीतून. प्रस्तुत संकलनात ‘क्रोनॉस क्वार्टेट’ने हीच रचना केवळ तंतुवाद्यांवर वाजविली आहे, निःशब्दतेची परंपरा तेथेही अखंड राहते.

करुण की विप्रलंभ?

संथ व दुःखी संगीताला सरसकट ‘करुण’ म्हणण्याची प्रथा आहे. तथापि भरताच्या नाट्यशास्त्राने करुण आणि विप्रलंभ शृंगार यांत महत्त्वाचा भेद केला आहे. करुणात पुनर्भेटीची अपेक्षा संपलेली असते. विप्रलंभात विरह असूनही अपेक्षा जिवंत असते. हा भेद या संकलनास लावून पाहिला असता त्याचे स्वरूप उलगडते. फाइस्ट व बेन गिबर्ड यांनी गायिलेले ‘ट्रेन साँग’ हे दूरच्या प्रिय व्यक्तीच्या शोधात निघालेल्या प्रवासाचे गीत आहे. त्यातील लय मंद असली तरी थांबलेली नाही. गाडी पुढे जात राहते. शीर्षकगीतातील रात्रही मृत्यूची नसून मृत्यूपूर्वीची आहे.

या निवडीला वैद्यकीय इतिहासाचा आधार आहे. ‘रेड हॉट’ची स्थापना १९८९ मध्ये झाली, तेव्हा या आजारावर परिणामकारक उपचार नव्हते. १९९६ पासून संयुक्त औषधोपचार आले आणि भारतात २००४ पासून शासकीय केंद्रांतून ते विनामूल्य मिळू लागले. २००९ मध्ये केवळ शोक करणारे संकलन रुग्णाला जिवंतपणी मृत ठरविणारे झाले असते. ज्याची आशा संपली त्याच्यासाठी अश्रू ढाळता येतात, औषध पाठविता येत नाही. परोपकाराला विप्रलंभाचीच उदासी साजते, ती यामुळे.

खानदेशाच्या काव्यपरंपरेतही हे दोन स्वर भेटतात. धरणगावी जन्मलेल्या बालकवींच्या (१८९०–१९१८) काही कवितांतील उदासीनतेला कारणही नाही आणि वाटही नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) कवितेत वैधव्याचे दुःख आहे. परंतु ते घरोटे, शेत आणि लेकरे यांच्या आधाराने चालत राहते. त्या दुःखाला कुणाच्या दयेची अपेक्षा नाही. संकलनातील सर्वोत्तम रचना या दुसऱ्या प्रकाराच्या जवळच्या आहेत.

मर्यादा

रसप्रक्रियेत दुःखाचे साधारणीकरण होते, म्हणजे ते कुणा एकाचे राहत नाही. येथेच या संकलनाचा धोकाही आहे. आजाराचे नाव न घेता दुःख सर्वांचे करण्यात रुग्णाची प्रतिष्ठा राखली जाते. पण श्रोता केवळ मनःस्थितीचा आस्वाद घेऊन रुग्णाला विसरूही शकतो. सुफियान स्टीव्हन्स यांची दहा मिनिटांहून दीर्घ रचना ‘यू आर द ब्लड’ याला काही अंशी अपवाद ठरते. रक्त हे नात्याचे प्रतीक आणि या आजाराच्या संक्रमणाचे एक माध्यमही आहे. त्यामुळे या संकलनात ते गीत ऐकताना मूळ प्रयोजन आपोआप जागे होते. असे दुवे आणखी असते, तर संकलनाची एकात्मता वाढली असती. ३१ रचनांच्या विस्तारात काही ठिकाणी संथपणा हा आशयाची गरज न राहता केवळ शैली होतो, हेही नमूद करावे लागते.

समारोप

एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास मनाई करणारा आणि त्यांच्या गोपनीयतेला संरक्षण देणारा भारतीय कायदा २०१७ मध्ये संमत झाला व २०१८ मध्ये अमलात आला. नाव उघड न करता सोबत देणे, हे त्या कायद्यामागील मूल्य कलेलाही लागू पडते. दरवर्षी १ डिसेंबरला होणाऱ्या प्रबोधनपर कार्यक्रमांत घोषणा आणि भीतिदायक चित्रे यांवर भर असतो. भीतीने माहिती पोहोचेल, परंतु रुग्णाशेजारी बसण्याची तयारी त्यातून येत नाही. जळगाव-धुळे परिसरातील महाविद्यालयांना घरोट्यावरील ओवीचा वारसा लाभलेला आहे. दोन बाया समोरासमोर बसून एकच दांडा ओढतात, तेव्हा एकीचे दुःख दुसरीच्या हाताला कळते. तेथे दाता आणि याचक असा भेद राहत नाही. ‘डार्क वॉज द नाइट’चे यश या भूमिकेच्या जितके जवळ जाते तितकेच आहे, आणि ते उपेक्षणीय नाही.