नीतिसूत्रें आणि चाकणचा कांटा

बायबलांतील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाविषयीं मराठी वाचकांचीं मतें बहुधा दोन टोकांचीं असतात. श्रद्धाळू ख्रिस्ती वाचक तो उशाशीं ठेवतो. इतर वाचक ‘सज्जनाची भरभराट, दुर्जनाचा नाश’ एवढेंच त्यांत पाहून, ‘असें जगांत घडतें कोठें?’ म्हणून मिटून ठेवतो. आमच्या मतें दोघांकडूनहि ग्रंथास न्याय मिळत नाहीं.

कांहीं दोष शब्दांचा आहे. मूळ हिब्रू शब्दास ‘धार्मिक’ म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें सोंवळें, व्रत, पारायण उभें राहतें. रूढ भाषांतरांतील ‘नीतिमान’ त्याहून बरा. तरी तोहि थोडा पुस्तकी. ग्रंथकाराचा सज्जन देवघरापेक्षां बाजारांत अधिक ओळखूं येतो. खोट्या तराजूचा देवाला वीट आहे, हें येथें एकदां नव्हे, पुनःपुन्हां येतें. धान्य अडवून ठेवणाऱ्यास लोकांचे शाप लागतात, असेंहि अकराव्या अध्यायांत आहे. चाकणला हें समजावून सांगावें लागणार नाहीं. तेथें कांद्याची गोणी कांट्यावर चढते आणि कारखान्यांचा माल वाहणारी मालमोटारहि वजनकांट्यावर उभी राहते. कांट्यांत खोट असेल तर पुढील प्रत्येक आंकड्यांत ती उतरते. दुष्कृत्याचें ‘फळ’ म्हणून या ग्रंथाला जें सांगावयाचें आहे तें पुष्कळदां इतकेंच साधें आहे. वीज कोसळण्याची वाट पाहावी लागत नाहीं; पत जाते, आणि मग खरें मापहि कोणी खरें मानीत नाहीं.

पण आक्षेप एवढ्यानें मिटत नाहीं. चाकणपासून पांचसहा कोसांवरील देहूच्या तुकोबांचेंच पाहा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळांत त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावांचून गेली. परंपरा सांगते कीं, आपल्या वाट्याचीं कर्जखतें त्यांनीं इंद्रायणींत बुडविलीं. मग ही विपत्ति कोणत्या पापाची? ईयोबाचे मित्र ईयोबाला असेंच विचारीत बसले होते. त्या ग्रंथाच्या शेवटीं देवाचा कोप झाला तो मित्रांवर. ‘उपदेशक’कार तर सज्जन आपल्या सज्जनपणांतच नाश पावतांना पाहिला, असें उघड लिहितो.

एकाच धर्मग्रंथांतील हा विरोध आम्हांस दोष वाटत नाहीं. ‘करावें तसें भरावें’ आणि ‘सुक्याबरोबर ओलेंहि जळतें’ या दोन्ही म्हणी आमच्याच. एकच आजी एकाच दिवशीं दोन्ही वापरते. सूत्रांत अपवादाला जागा नसते, ती शेजारच्या सूत्रांत असते. अन्यायाच्या मोठ्या मिळकतीपेक्षां न्यायाचें थोडें बरें, असें नीतिसूत्रकार म्हणतो, तेव्हां न्यायी मनुष्य दरिद्री असूं शकतो हें त्यानें मानलेलेंच असतें. सज्जन सात वेळां पडतो व पुन्हां उठतो, हेंहि त्याचेंच. न पडण्याची हमी त्यानें दिलेली नाहीं.

दहाव्या अध्यायाचें तिसरें सूत्र, परमेश्वर सज्जनाला उपाशी ठेवीत नाहीं असें सांगणारें, सर्वांत अवघड. तें सोप्या मराठींत उतरविणाऱ्यांत एक होत्या पंडिता रमाबाई. आईवडील आणि बहीण त्यांनीं दुष्काळाच्या दिवसांतच गमावलीं होतीं. 1922 मध्यें मृत्यु येण्यापूर्वीं केडगांवीं त्यांनीं सबंध बायबलाचें भाषांतर पुरें केलें. ज्यांस हें सूत्र भोळेपणाचें वाटतें त्यांनीं तें एकदां त्यांच्या भाषांतरांत वाचावें.