सोन्यावरचा चेहरा कोण वाचतो?

नाण्यांवरच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘नाणं म्हणजे सम्राटाची जाहिरात.’ आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगत आलो. आज अलोऱ्यात ते जरा तपासून बघू.

रोमन सम्राट तिबेरियसचं (इ.स. १४ ते ३७) सोन्याचं नाणं घ्या. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं त्याचं डोकं. भोवती, आपण देवपदाला पोचलेल्या ऑगस्टसचे पुत्र, अशा अर्थाची अक्षरं. मागे आसनावर बसलेली स्त्री, हातांत राजदंड आणि डहाळी. वंश, सत्ता, शांती, सगळं बोटाच्या पेराएवढ्या जागेत! रोमच्या हद्दीत ही जाहिरात चालली असेल. पण मिरीच्या बदल्यात अशी नाणी भारतात आली, तेव्हा काय झालं?

तमिळनाडूत पुदुकोट्टईकडे १८९८ साली ५०१ रोमन सुवर्णनाणी सापडली. बहुतेकांवर सम्राटाच्या डोक्यावरच छिन्नीचा घाव. नाणं चलनातून बाद करण्यासाठी तो घातला, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे सोनं ठेवलं, सम्राट खोडला.

आता आपल्या नाशिककडे या. तिथे जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर नाणी निघाली. ही चांदीची, पण त्यांवरही राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं आहेत. नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर आपला ठसा मारला. वितळवली नाहीत बरं का! काटकसर म्हणा हवं तर; पण खाली हरलेला चेहरा अर्धवट दिसतो, म्हणूनच वरचा ठसा इतका मोठ्याने बोलतो.

तिसरं उदाहरण घरातलं: आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला शासक असे. त्या आकृत्यांवरून आपण नाण्याला ‘पुतळी’ म्हटलं. कोण कुणापुढे वाकलाय, हे कुणी विचारलंच नाही. सोनं चोख, एवढं पुरे.

मग आमचं वर्गातलं वाक्य खोटं का? खोटं नाही, अर्धं आहे. जाहिरात कुणी केली ते सांगतं. ती कुणी मानली, हे सांगत नाही. चित्राच्या अंगी हुकूम नसतो. तो मानणारी, किंवा मानायला भाग पडलेली माणसं लागतात. ती नसली की सम्राटसुद्धा तोळ्यामाशाच्या हिशेबात जातो.

घरी पुतळी असेल, तर आज भिंगाखाली धरा.