बेत कोणाचा, माप कोणाचे? : स्थानिकांच्या साहाय्याने आखलेल्या वन्यजीव व संस्कृती-पर्यटनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : पर्यटन, स्थानिक ज्ञान, अरण्यवाङ्मय, ताडोबा, नवेगावबांध, वेळास

प्रस्तावना

मराठीत ‘बेत’ म्हणजे योजना आणि ‘बेतणे’ म्हणजे मापाप्रमाणे कापड कापणे. प्रवासाचा बेत आणि सदऱ्याचा बेत हे दोन्ही व्यवहार भाषेने असे शेजारी ठेवले आहेत. अलीकडच्या पर्यटन-व्यवसायात ‘आपल्या आवडीनुसार आखलेली सहल’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आहे, आणि त्याच्या जोडीला ‘स्थानिकांच्या मदतीने’ हे आश्वासनही हमखास येते. ठरावीक दिवस, ठरावीक बस, सोबत सहलप्रमुख आणि शक्य तर घरच्या चवीचे जेवण अशी समूह-सहल मराठी मध्यमवर्गाने दीर्घकाळ अनुभवली. तिला कंटाळलेला प्रवासी आता स्वतःच्या मापाचा प्रवास मागतो आहे. मागणी रास्त आहे. परंतु माप घेतले जाते ते केवळ गिऱ्हाइकाचे. ज्या गावात, ज्या रानात हा प्रवास घडतो त्यांचे माप कोणी घेत नाही. स्थानिक माणूस कापड बेतताना हजर असतो, की नुसता टाके घालायला बोलावला जातो, या प्रश्नाच्या आधारे विदर्भातील व कोकणातील काही उदाहरणांची आणि त्यांच्याशी निगडित मराठी अरण्यलेखनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

यजमानाची जुनी परंपरा

व्यक्तीगणिक आखलेला प्रवास ही नवी कल्पना आहे, हा समज प्रथम दूर करावयास हवा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी अशा ठिकाणी यात्रेकरू उतरला की आडनाव आणि मूळ गाव सांगताच क्षेत्रोपाध्याय त्याच्या पूर्वजांची नोंद असलेली वही काढीत असे. राहण्याची सोय, विधी, दर्शनाचा क्रम, परतीचा दिवस हे सारे त्या त्या कुळाच्या ऐपतीप्रमाणे ठरे. या व्यवस्थेत पिळवणूक नव्हती असे कोणी म्हणणार नाही. तरीही कोणत्या दिवशी काय करावे आणि काय करू नये हे सांगण्याचा अधिकार क्षेत्रातील माणसाकडे होता आणि यात्रेकरू तो मानीत होता. १८५७ साली वरसईहून निघालेल्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ (प्रकाशन १९०७) या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने निघालेल्या या भिक्षुकाचा मूळ बेत बंडाच्या धामधुमीत पार विस्कटला. पुढचा मार्ग ठरत गेला तो वाटेतल्या वार्तांवर आणि ज्यांनी आसरा दिला त्यांच्यावर. मराठीतील हे महत्त्वाचे प्रवासवर्णन मोडलेल्या बेताची कथा आहे, ही गोष्ट सहलीच्या माहितीपत्रकांच्या काळात मुद्दाम आठवावी.

अरण्यलेखनातील जाणकार

वन्यजीवनाकडे पाहण्याची मराठी वाचकाची दृष्टी घडविण्यात व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांचा वाटा मोठा आहे. माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे एका अरण्यातील मुक्कामाचे पुस्तक आहे. पायी हिंडणे, पाण्याच्या आश्रयाने बसून राहणे, दिसेल ते टिपणे आणि रेखाटणे एवढाच तेथील कार्यक्रम. जनावर दिसले नाही तर दिवस वाया गेला, असा हिशेब त्यात नाही. विदर्भातील या अभयारण्याकडे अनेक वाचक वळले ते अशा लेखनामुळेच, हे म्हणणे वावगे ठरू नये.

चितमपल्ली यांचा (१९३२–२०२५) प्रवास याहून वेगळा. वनखात्यात अधिकारी म्हणून त्यांनी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या परिसरांत काम केले. २००६ साली सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. त्यांच्या नवेगावबांधविषयीच्या लेखनात माधवराव पाटील हे केवळ सोबती म्हणून येत नाहीत. ते जाणकार म्हणून येतात. तेथील तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते, आणि कोहळी समाज हा भंडारा-गोंदिया भागातील तलावबांधणीसाठी ख्यातनाम आहे. आज ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखली जाणारी जलव्यवस्था अशाच हातांनी उभी केली. हिवाळ्यात तेथे पक्षी उतरतात, धान पिकते, मासेमारी चालते. म्हणजे नवेगावबांधला ‘सांस्कृतिक पर्यटन’ एका दिवशी आणि ‘वन्यजीव पर्यटन’ दुसऱ्या दिवशी, अशी फाळणी करताच येत नाही. तलाव हीच तेथील संस्कृती आहे आणि पक्षी तिचे भाडेकरू आहेत. हे ज्ञान बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला गावाने दिले आणि त्याने ते घेतले.

तथापि या लेखनाची एक मर्यादाही नोंदविणे प्राप्त आहे. जाणकार बोलतो, लेखक लिहितो. पुस्तकावर नाव लेखकाचे असते. चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’त बोलींतील नावे जतन झाली, हे ऋण मराठीने मान्य केलेच पाहिजे. पण गोंड, पारधी, ढीवर यांच्या मुखातून आलेला शब्द कोशात गेल्यावर बोलणारा अनाम राहतो. त्याच्या ज्ञानाचा आदर आहे. त्याच्या मताची, विशेषतः वनखात्याविषयीच्या मताची, जागा मात्र त्या मानाने कमी आहे. आजच्या पर्यटनातील ‘स्थानिक मार्गदर्शक’ या आदरयुक्त पण अबोल व्यक्तिरेखेचाच वारस आहे, असे म्हणता येईल. फरक इतकाच की चितमपल्ली त्याच्या मागून चालत होते. आजचा पर्यटक त्याला जिप्सीत पुढे बसवून मागून सूचना देतो.

ताडोबा : एकाच महिन्याच्या दोन वेळापत्रकांविषयी

ताडोबाचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प झालेल्या या अरण्याला नाव मिळाले ते तारू या गोंड प्रमुखावरून. वाघाशी झुंजताना तो मरण पावला आणि देव झाला, अशी लोकश्रद्धा आहे. तलावाकाठी त्याचे स्थान आहे आणि पौषातील जत्रा त्याच्या नावाची आहे. वाघाला हरवणाऱ्या नायकाची कथा लोकांना रचता आली असती; त्यांनी वाघाकडून मारल्या गेलेल्याला देव केले. या एका गोष्टीत त्या परिसराचे वाघाशी असलेले नाते जितके सापडते तितके संध्याकाळी रिसॉर्टच्या हिरवळीवर सादर होणाऱ्या ढेमशात सापडणार नाही. ढेमसा हा सणासमारंभाचा नाच. पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळेशी त्याचा सांधा जोडला की त्याचे कारणच हरवते.

सुमारे ६२५ चौरस किलोमीटर गाभाक्षेत्र आणि त्याभोवती २०१० साली अधिसूचित झालेले सुमारे ११०० चौरस किलोमीटर बफरक्षेत्र अशी ताडोबाची रचना आहे. बफरमध्ये गावे आहेत. व्याघ्रदर्शनाची शक्यता सर्वाधिक असते ती एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात, कारण तेव्हा पाणी आटते आणि जनावर पाणवठ्यावर येते. (‘दर्शन’ हा देवळातला शब्द येथे सहज रुळला, पण रांगेत उभे राहण्याची शिस्त त्याच्यासोबत आली नाही.) परंतु मार्च-एप्रिल हे मोहफुले वेचण्याचे आणि मे हा तेंदूपाने तोडण्याचा हंगाम असतो. रोख पैसा देणारा गावाचा हा काळ. म्हणजे ज्या पहाटे पर्यटक वाघ शोधायला निघतो, त्याच पहाटे गावातील बाई वाघ टाळत रानात शिरते. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करावयास गेलेल्या तीन स्त्रियांचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या हंगामात आखलेल्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत या दुसऱ्या वेळापत्रकाला रकाना नसतो. स्थानिकांची मदत खरोखर घ्यायची तर पहिला प्रश्न ‘वाघ कोठे आहे?’ हा नसून ‘या आठवड्यात गाव कोठे आहे?’ हा असावयास हवा.

नियमांचा अभाव हे येथील दुखणे नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये गाभाक्षेत्रातील पर्यटनास अंतरिम मनाई केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर ती उठली आणि पर्यटनासाठी गाभाक्षेत्राच्या कमाल २० टक्क्यांची मर्यादा आली. प्रत्येक वाहनात गावचा मार्गदर्शक असतो. त्यातून रोजगार मिळाला, आणि स्त्रियाही या कामात आल्या, हे निःसंशय चांगले झाले. पण त्या मार्गदर्शकाला कोणता अधिकार आहे?

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या वाहनांमध्ये अडकल्याची चित्रफीत प्रसृत झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. प्रथम कारवाई झाली ती वाहनचालक आणि मार्गदर्शक यांच्यावर. निलंबन आणि दंड असे तिचे स्वरूप होते. नियम मोडला गेला हे खरे आणि शिक्षा होणेही योग्यच. तथापि वाहन पुढे घेण्याचा आग्रह ज्याच्या बक्षिशीवर घर चालते त्याच्याकडून झाल्यास, दिवसाच्या मजुरीवरील माणसाने नकार कसा द्यावा, याचा विचार व्यवस्थेने केलेला दिसत नाही. जनावर किती अंतरावर बिथरते, पिलांसोबतची वाघीण कोणता रस्ता ओलांडणार, हे त्या मार्गदर्शकाइतके कोणास ठाऊक? ज्ञान त्याच्याजवळ, निर्णय पाहुण्याजवळ आणि दंड पुन्हा त्याच्याजवळ, अशी ही वाटणी आहे. ‘स्थानिकांच्या मदतीने’ या शब्दांचा व्यवहारातील अर्थ पुष्कळदा असा होतो.

वेळास आणि गोंदिया

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील वेळासचे चित्र याहून निराळे आहे. नाना फडणवीसांचे गाव म्हणून इतिहासाला परिचित असलेल्या या गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांसह ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम आरंभिले, आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. किनाऱ्यावरील घरट्यांतील अंडी कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत पुरली जातात. ती उबण्यास पन्नासेक दिवस लागतात, कमी-अधिक वाळूच्या तापमानाप्रमाणे. पिल्ले बाहेर आली की सकाळी किंवा संध्याकाळी ती समुद्राकडे सोडली जातात. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि त्यांच्याच घरचे जेवतात. येथे बेत आखण्याचा अधिकार पाहुण्याकडे नाही; खरे तर तो गावाकडेही नाही. तो वाळूखालच्या अंड्यांकडे आहे. शनिवार-रविवारी पिल्ले निघतीलच अशी हमी कोणी देत नाही, आणि हमी नसताना लोक येतात.

अर्थात वेळासला आदर्श ठरविण्याची घाई नको. लहान गावावर सुटीच्या दिवशी पडणारा भार, घरोघरच्या स्त्रियांवर वाढणारे स्वयंपाकाचे काम, आणि ‘एवढ्या लांबून आलो आणि कासव दिसले नाही’ ही तक्रार या गोष्टी तेथेही संभवतात. पण त्या तक्रारीला ‘नाही निघाले’ एवढेच उत्तर देता येणे आणि ते ऐकून घेतले जाणे, यात यजमानाची प्रतिष्ठा राहते.

गोंदिया जिल्ह्यातील सारस क्रौंचाचा प्रश्न याहून नाजूक आहे. हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः या भागात उरला आहे. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने त्याच्या घटत्या संख्येचीही स्वतःहून दखल घेतली होती. तो पावसाळ्यात घरटे करतो ते धानाच्या बांधीत किंवा पाणथळीत, म्हणजे प्रायः कोणाच्या तरी शेतात. घरटे राखायचे तर शेतकऱ्याला तेवढ्या भागातील चिखलणी-रोवणी सोडावी लागते. छायाचित्रकार पाहुण्याला हे घरटेच हवे असते. अशा वेळी शेतकऱ्याने दिलेली सर्वांत मोलाची मदत म्हणजे ठिकाण न सांगणे. रोवणी सोडल्याबद्दल भरपाईचा हिशेब करता येईल, परंतु न सांगितलेल्या ठिकाणाचे मोल सहलीच्या दरपत्रकात कसे धरावे, याचा विचार बेत आखणाऱ्यांनी अद्याप केलेला नाही. धान कापल्यावर, पिल्ले पंखांत आल्यावर, तोच शेतकरी कदाचित बांधावर उभा राहून हाताने दाखवील, ‘ते तिकडं, जोडी आहे.’ त्यासाठी पाहुण्याला ऑगस्टऐवजी डिसेंबरात यावे लागेल, आणि तारीख शेतकऱ्याने कळवावी लागेल.